भोकाचा पैसा आणि पुसलेले तीन शब्द

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. भोसरीतील एका विहारात रविवारची वंदना आटोपली, खिरीचे द्रोण वाटून झाले आणि आम्ही पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा जोडण्याच्या खटपटीत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “भाऊ, घाईत न्हाई ना?”

वळून पाहिले तर जुन्या परिचयातील एक आजी. पांढरे स्वच्छ लुगडे, हातात बिस्किटांचा गंजलेला डबा. मागे त्यांचा नातू अवघडून उभा. हा मुलगा चाकणला मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीत टूलरूमला आहे. दोघांचे चेहरे पाहून आम्ही ओळखले की घरात काहीतरी वाजले आहे.

“ह्याला समजवा,” आजी म्हणाल्या, “पोरगं नाण्यापायी याडं झालंय. बहिणीच्या नर्सिंगच्या फीचं पैसं ठेवल्यात, त्यातलं चाळीस हजार काढतो म्हणतंय. एका नाण्याला! एका!”

“काका, साधं नाणं नाही ते,” नातू म्हणाला, “महायुद्धातलं फ्रेंच नाणं आहे, ट्रायलचं. जगात थोडीच शिल्लक आहेत. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणतो तो माणूस.”

पैशाचे नंतर पाहू म्हणून आम्ही विषय डब्याकडे वळविला. आजींनी तो पायरीवर उपडा केला. नट, बोल्ट, स्प्लिट पिना आणि ढीगभर वायसर. आजींचे मालक पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होते. ते गेल्यावर डबा माळ्यावर पडून होता. गेल्या वर्षी नळाची गळती काढताना नातवाने त्यातला एक वायसर उचलला आणि त्याला त्यावर अक्षरे दिसली. तो वायसर नव्हताच, पैसा होता. भोकाचा पैसा, सन १९४३. नातवाचे वेड सुरू झाले ते तेथून.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी हा पैसा असेल. आजीच्या ट्रंकेत, देव्हारे काढून टाकले तेव्हा बाजूला ठेवलेल्या एखाद्या तांब्यात, नाहीतर असाच अवजारांच्या डब्यात. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सच्या ज्या नाण्यावरून त्या घरात भांडण पेटले, त्याच्याकडे जाण्याची वाटही ह्याच भोकातून जाते.

महायुद्धापूर्वी आपल्याकडे तांब्याचा जो पैसा होता, म्हणजे पाव आणा, त्याचे वजन जवळपास ४.८६ ग्रॅम. चार पैशांचा आणा, चौसष्ट पैशांचा रुपया. युद्ध पेटले तसे तांब्याला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले. काडतुसाचे कवच पितळेचे, आणि पितळ म्हणजे तांबे अधिक जस्त. तांब्याचा भाव चढला तशी मोड बाजारातून नाहीशी होऊ लागली. कोणी साठवली, कोणी वितळवली. गरजेपेक्षा जास्त नाणी साठविणे हा गुन्हा ठरविणारा नियम सरकारने १९४० मध्येच काढला होता, पण नियमाने मोड थोडीच परत येते? तेव्हा १९४३ मध्ये सरकारने नवा पैसा काढला. वजन फक्त दोन ग्रॅम, व्यास सुमारे २१ मिलिमीटर, मधोमध मोठे भोक. प्रेसवर काम केलेल्यांना ह्यातील युक्ती समजावून सांगायला नको. पंचाने मधला तुकडा पाडला की तो परत भट्टीत जातो. तेवढा माल वाचतो. पैशाच्या एका बाजूला मुकुट, सन आणि किंमत. दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल. राजाचे डोके छापायला जागाच उरली नाही. युद्धाने बादशहाला स्वतःच्या पैशावरून हुसकावले ते असे!

हा पैसा १९४७ पर्यंत निघाला. मुंबई आणि कलकत्त्याची टांकसाळ अपुरी पडली म्हणून १९४३ मध्ये लाहोरला नवी टांकसाळ उघडली. तिच्या पैशावर बारीक ‘एल’ अक्षर असते. एवढ्यानेही भागेना, तेव्हा १९४३ चे काही पैसे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला पाडून आणले. उलट आपली मुंबईची टांकसाळ त्याच वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या पेन्या पाडून देत होती. युद्धात कोणाचे काम कोणाच्या पट्ट्यावर चालेल ह्याचा नेम नसतो. आपल्याकडे सबकॉन्ट्रॅक्टवाल्यांना हे ठाऊक आहे.

वायसरपेक्षा पैसा स्वस्त, म्हणून लोकांनी तो खरोखरच वायसर म्हणून वापरला असे जुनी माणसे सांगतात. आजींचा डबा त्याची साक्ष देतो. आजी स्वतः म्हणाल्या, “आमची आय दोऱ्यात ववून कमरंला बांधायची. मोजायला सोपं जायचं.”

चांदीचेही हेच झाले. रुपयात पूर्वी बाराभागी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल, जस्त. जुने चोख रुपये १९४१ ते १९४३ ह्या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले, आणि १९४७ चा रुपया आला तो नुसत्या निकेलचा. कारण युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी फेडायची होती. ह्या सगळ्या उलथापालथीत एक नाणे जवळजवळ नाहीसे झाले. १९३९ साली मुंबईत पाडलेला सहाव्या जॉर्जचा चोख चांदीचा रुपया. पाडला भरपूर, पण बहुतेक माल भट्टीत गेला. आज तो संग्राहकांच्या जगात फार दुर्मिळ गणला जातो, म्हणून १९३८ च्या रुपयातील शेवटचा आकडा कोरून त्याचा ९ करणारे कारागीरही निपजले आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता फ्रान्सकडे वळू. नातवाच्या कंपनीने त्याला तीन आठवडे फ्रान्सला प्रशिक्षणासाठी पाठविले होते. चाकणच्या पट्ट्यात आता हे नवलाचे राहिलेले नाही. तेथे एका रविवारी जुन्या बाजारात, म्हणजे आपल्याकडे पुण्याला मंगळवार पेठेत बुधवारी-रविवारी भरतो तसल्याच बाजारात, त्याने एका कपाच्या चहाच्या किमतीत एक नाणे घेतले. ते त्याने पाकिटातून काढून आमच्या तळहातावर ठेवले. ठेवले तरी ठेवल्यासारखे वाटेना, इतके हलके. ॲल्युमिनियमचा एक फ्रँक, सन १९४३. वजन जेमतेम १.३ ग्रॅम. वर्षभरापूर्वी हाच फ्रँक १.६ ग्रॅमचा निघाला होता. युद्ध लांबले तशी तेवढीही धातू परवडेना.

एका बाजूला गव्हाच्या ओंब्यांमध्ये दुधारी कुऱ्हाड. दुसऱ्या बाजूला ओकची पाने आणि तीन शब्द. नातवाने त्यांचा अर्थ तेथल्या सहकाऱ्याला विचारून घेतला होता: श्रम, कुटुंब, पितृभूमी.

आम्ही ते नाणे बराच वेळ धरून बसलो. कारण फ्रान्सच्या नाण्यावर तीन शब्द असतात हे आम्हांला माहीत होते, पण ते हे नव्हेत. ते शब्द तुम्हांला आणि तुमच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ते आहेत. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात आपले तत्त्वज्ञान ह्याच तीन शब्दांत सांगितले, आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून आपले गुरू भगवान बुद्ध ह्यांच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, असेही बजावले. फ्रान्समध्ये हे शब्द सरकारी इमारतींवर कोरलेले, नाण्यांवर ठसविलेले. मग ह्या फ्रँकवरून ते गेले कोठे?

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला. उत्तरेचा मोठा मुलूख जर्मनांच्या ताब्यात गेला आणि उरलेल्या भागाचा कारभार विशी नावाच्या गावातून पेतां नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा मार्शल पाहू लागला. पहिल्या महायुद्धातला हा नावाजलेला सेनापती. लोकांचा त्याच्यावर भरवसा होता. त्याने पहिल्यांदा काय केले? प्रजासत्ताक हा शब्द काढला. नुसते ‘फ्रेंच राज्य’ राहिले. मग ते तीन शब्द काढले आणि त्यांच्या जागी हे तीन घातले. कुऱ्हाड ही त्याच्या राजवटीची खूण. तांबे आणि निकेल जर्मनांच्या युद्धसामग्रीकडे वळले; चौकाचौकांतील ब्राँझचे पुतळेसुद्धा उतरवून वितळविले. लोकांच्या हाती आले जस्ताचे भोकवाले दहा आणि वीस सेंटिम आणि हे ॲल्युमिनियमचे फ्रँक. म्हणजे भोकाचा पैसा तिकडेही आलाच.

कोणी म्हणेल, नव्या शब्दांत वाईट ते काय? श्रम आहे, कुटुंब आहे, देश आहे. कामगारांच्या वस्तीत तर हे शब्द टाळ्या घेतील. म्हणूनच ते नाण्यावरचे शब्द त्याच सरकारच्या कायद्यांशी ताडून पाहावे लागतात. नाण्यावर ‘श्रम’ होता. पण नोव्हेंबर १९४० मध्ये कामगार संघटनांचे देशव्यापी महासंघ बरखास्त झाले, ऑक्टोबर १९४१ च्या श्रमसनदेने संपाला बंदी केली आणि फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने तरुण कामगारांना सक्तीने जर्मनीतील कारखान्यांत पाठविणे सुरू झाले. असे सहा लाखांहून अधिक कामगार गेले. त्यांच्या खिशात हाच फ्रँक असणार, ‘श्रम’ लिहिलेला. नाण्यावर ‘कुटुंब’ होते. पण ऑक्टोबर १९४० मध्ये विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरीत घेण्यावर बंदी आली, घर सांभाळा म्हणून. ज्या घरात बाईच्या पगारावर चूल पेटते त्या घराचे काय, हे कोणी विचारले नाही. नाण्यावर ‘पितृभूमी’ होती. आणि त्याच महिन्यात ज्यू लोकांना सरकारी नोकरी, शिक्षण, वृत्तपत्रे ह्यांतून हुसकावणारा कायदा झाला. जन्मावरून माणसाची लायकी ठरविण्याचा कायदा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्या चार वर्षांत फ्रान्समधून सुमारे पंचाहत्तर हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुले जर्मनांच्या छळछावण्यांकडे रवाना झाली. परत आलेले अगदी थोडे.

आजी एवढा वेळ ऐकत होत्या. त्यांनी तो फ्रँक नातवाच्या हातून घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, “मंजे सबुद पुसल्यावर मानसं पुसायला येळ लागत न्हाई म्हना की.”

आम्ही गप्प राहिलो.

ते तीन शब्द परत आले त्याचीही एक कथा आहे. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. त्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत फ्रान्ससाठी पितळेचे दोन फ्रँकचे नाणे पाडले गेले, पाच कोटी नग. ते काडतुसांच्या पितळेतून पाडले असे सांगतात. त्यावर कोणाचा चेहरा नाही, कुऱ्हाड नाही. नुसते देशाचे नाव, किंमत, सन आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्याकडे पैशाचे तांबे काडतुसात गेले, तिकडे काडतुसाचे पितळ पैशात आले. आणि जनरल द गोलच्या बाजूने लढणाऱ्या कॅमेरून, मादागास्कर अशा फ्रेंच वसाहतींची १९४३ ची ब्राँझची नाणी कोठे पडत होती? प्रिटोरियाला, जेथे त्याच वर्षी आपला भोकाचा पैसा पडत होता. कॅमेरूनच्या नाण्यावर कोंबडा आहे आणि दोन आडव्या दांड्यांचा क्रूस आहे. तो पेतांविरुद्ध उभ्या राहिलेल्यांचा खुणेचा क्रूस. आजींच्या डब्यातला पैसा आणि तो कोंबडा एकाच छपराखालून निघालेले असू शकतात, हे ऐकून नातवाचे डोळे चमकले.

पण त्याला हवे होते ते नाणे ह्यांपैकी नव्हते. तो ज्याला ‘ट्रायल’ म्हणत होता त्याला फ्रेंच लोक ‘एसे’ म्हणतात, म्हणजे चाचणी. नवे नाणे काढायचे ठरले की ठसा कोरणारा कारागीर आधी थोडे नमुने पाडतो. ते साहेबलोकांपुढे ठेवले जातात, पसंत पडले तर पट्टा सुरू. आपल्या कारखान्यात डाय बसवली की पहिला नग इन्स्पेक्शनला जातो आणि त्यावर सही झाल्याखेरीज मशीन चालत नाही, तसेच हे. फ्रान्समध्ये अशा नमुन्यावर ‘एसे’ हा शब्दच ठसवितात. नमुने मुळातच मोजके, त्यातून युद्धाचा काळ, धातू रोज बदलणारी. म्हणून त्या वर्षांचे नमुने संग्राहकांना हवेहवेसे.

त्यात सर्वांत गाजलेले म्हणजे १९४१ चे पेतांचे पाच फ्रँक. मार्शलसाहेबांना स्वतःचा चेहरा नाण्यावर हवा होता. तांबे-निकेलच्या मिश्रधातूत हे नाणे नुसते नमुन्यापुरते नव्हे, एक कोटी सदतीस लाखांच्या वर पाडले गेले. पण चलनात आलेच नाही, बहुतेक सगळे पुन्हा वितळविले. मुंबईच्या १९३९ च्या रुपयासारखेच. जी थोडी वाचली त्यांना आज किंमत आहे, आणि त्याच्या ‘एसे’ नमुन्याला त्याहून जास्त. पेतांवर १९४५ मध्ये खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आणली आणि १९५१ मध्ये तो कैदेतच मेला. ज्याचा चेहरा घराघरांत जायचा होता, तो संग्राहकांच्या पाकिटात जाऊन बसला.

तर हा ‘एसे’ नमुना पुण्यातला कोणी विक्रेता ह्या पोराला चाळीस हजारांत देत होता.

आम्ही काही नाणेतज्ज्ञ नाही. आम्ही त्याला एवढेच विचारले, “अरे, तू टूलरूमचा माणूस. कंपनीत आलेला माल तू सप्लायरच्या तोंडाच्या शब्दावर घेतोस का?” तो ओशाळला. मग आम्ही त्याला सांगितले की सूचीच्या पुस्तकात प्रत्येक नाण्याची धातू, वजन, व्यास दिलेला असतो. तो लिहून घे, विक्रेत्याला दिवसाउजेडी बोलाव आणि खिशात तुझी हत्यारे ठेव. आजींना सांगितले, तोवर फीचे पैसे तुमच्याच कनवटीला असू द्या.

पुढची हकीकत नातवाने पंधरा दिवसांनी येऊन सांगितली. चाकणच्या चौकातील एका चहाच्या टपरीवर तो माणूस आला. मखमली डबी, त्यात नाणे. पोराने डिजिटल व्हर्नियर काढला तेव्हाच त्या माणसाचा चेहरा उतरला. व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला. मग चुंबक काढला. तांबे-निकेलचे मिश्रण चुंबकाला दाद देत नाही. हे नाणे टुणकन चिकटले. वर निकेलचा मुलामा आणि पोटात लोखंड! ‘एसे’ हा शब्दही आत खचलेला होता, म्हणजे नंतर पंचाने ठोकलेला. खऱ्या नमुन्यात तो डायमध्येच कोरलेला असतो, म्हणून अक्षरे उठून दिसतात. “जुनी नाणी चिकटतातच,” असे काहीतरी पुटपुटत तो माणूस डबी मिटून चालता झाला. चहाचे पैसेही पोरालाच द्यावे लागले.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर वाचक चुंबक घेऊन घरभर फिरतील आणि चांगली नाणी खोटी ठरवतील. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते. आपला १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो आणि तो खरा असतो. आधी नाणे कोणत्या धातूचे असायला हवे ते माहीत पाहिजे, मग चुंबकाचा उपयोग.

आता घराघरातील गोष्ट. आपल्या वस्त्यांत सध्या फोनवर हाच धंदा जोरात आहे. जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या. आधी फक्त नोंदणीची फी भरा, मग कर भरा, मग आणखी काही. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि शिक्काही वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितले आहे की बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कोणाकडून फी अगर कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. हे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांना मुद्दाम वाचून दाखवा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा एक रुपयाचा शिक्का तर ह्या लोकांचे खास भांडवल. तो लाखाला जातो अशी थाप मारून भावनेला हात घालतात. तो रुपया चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेला आहे. घरात जपून ठेवा, पोरांना दाखवा, पण त्याच्या जिवावर कोणाला आगाऊ रक्कम पाठवू नका. २०१५ च्या ६ डिसेंबरला निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्याचेही तेच. त्या दिवशीचे १२५ रुपयांचे नाणे मात्र चलनासाठी नव्हतेच, ते संग्रहासाठी काढलेले होते.

खुद्द बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ह्या ग्रंथात रुपयाची जी चिकित्सा केली, तिचा रोख रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहावी ह्याकडे होता. मजूर माणसाच्या हातातील रुपयाला बाजारात काय मिळते, हा खरा प्रश्न. त्या ग्रंथाचे नाव आपण सभांतून घेतो, पण तो उघडून बसणारे थोडे. हे आमच्यावरही लागू आहे. दोनदा सुरुवात करून आम्ही तिसऱ्यांदा तडीस नेला.

माता-भगिनींना एक विनंती. जुने नाणे सापडले की पहिल्यांदा चिंच लावून घासण्याची आपल्याला सवय. तसे करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहक निम्म्याहून कमी करतात आणि वरची जुनी झाक पुन्हा येत नाही. कोरड्या कागदी पाकिटात एकेक वेगळे ठेवा, पाकिटावर ते कोठे, कोणाजवळ मिळाले ते लिहा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जस्ताचे नाणे तर दमट हवेत पांढरी पूड धरते. आपल्या पत्र्याच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये सांभाळणे अवघडच. जमिनीत, पाया खणताना नाणी सापडली तर ती गुपचूप वाटून घेऊ नयेत. १८७८ चा निधीविषयक कायदा अजून लागू आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ते परवानगीविना परदेशी पाठविता येत नाही. आपल्या परिसराला हे मुद्दाम सांगण्याचे कारण म्हणजे पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती, आणि सध्या सगळीकडे इमारतींचे पाये खणणे चालू आहे.

पोरांना नाणी दाखवायची तर मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, ते २००४ मध्ये सुरू झाले. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे. सहलीला लोणावळ्याला जाता, एखाद्या वेळी इकडे जा. तेथे १९५० च्या १५ ऑगस्टला निघालेली पहिली प्रजासत्ताकाची नाणी पोरांना दाखवा. राजाचे डोके गेले आणि त्या जागी सम्राट अशोकाचे सिंह आले, ते त्या दिवशी. आमच्या एका वाचकाच्या लहान मुलीने ते पाहून विचारले होते की राजाने जागा कशी काय सोडली. बापाला उत्तर सुचेना, त्याने आम्हांला पत्र लिहिले!

नातू अजून नाणी जमवितो. चाळीस हजारांची नव्हे. बुधवारी सेकंड शिफ्ट असली की सकाळी जुन्या बाजारात जातो आणि दहा-वीस रुपयांत घेतो. युद्धकाळातील भोकाचे पैसे १९४३ पासून १९४७ पर्यंत पाचही वर्षांचे त्याने मिळविले आहेत, लाहोरच्या ‘एल’सह. ॲल्युमिनियमचा फ्रँक वेगळ्या पाकिटात आहे. बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली.

त्या दिवशी विहाराच्या पायरीवर डबा भरताना आजींनी सगळे वायसर आत टाकले आणि १९४३ चा पैसा मात्र हातात ठेवला. नातवाने पाकीट पुढे केले. आजींनी मान हलवली, पदराच्या टोकाचा एक धागा काढला, पैशाच्या भोकातून ओवला आणि गाठ मारून तो कमरेला खोचला.

“वर्षभर ऱ्हाऊ दे माज्याकडं,” त्या म्हणाल्या, “मग ने.”